'रिव्हर क्वाय'ची फोरके डिस्क परत पाठवू नका, आधी टीव्हीचं सेटिंग बघा

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. वडील तोफखान्यातून रिटायर झालेले, देवळाली कॅम्पात राहतात, नोकरीत असताना युनिटच्या ओपन एअर थेटरात 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' बघितलेला आणि तेव्हापासून त्यांचा तो जीव की प्राण सिनेमा, म्हणून तुम्ही बाहेरून फोरके (साध्या एचडीच्या चौपट पिक्सेलची) डिस्क मागवली, प्लेअर घेतला, ५५ इंची टीव्ही घेतला. लावल्यावर तीन गोष्टी खटकल्या. आकाशात आणि चेहऱ्यांवर सारखे बारीक दाणे हलताना दिसतात, मध्येच एखादा शॉट एकदम धूसर होतो आणि पुढच्या कटला परत स्वच्छ, आणि वर-खाली भलेमोठे काळे पट्टे. त्यात भाच्याने मोबाईलवर याच सिनेमाची 'एआयने फोरके केलेली' क्लिप दाखवली ती जास्त चकचकीत दिसली. तर डिस्क डुप्लिकेट आहे का, परत करू का, असं तुम्ही विचारताय.

परत करू नका. तुम्ही सांगितलेल्या तिन्ही गोष्टी डिस्कच्या चांगुलपणाच्या खुणा आहेत, आणि जे खरंच बिघडलंय ते बहुतेक टीव्हीच्या मेनूत आहे. मुंबईच्या लॅबमध्ये बरीच वर्षं टेलिसिने (फिल्म व्हिडिओवर उतरवणं), मग स्कॅनिंग आणि ग्रेडिंग (शॉटचे रंग-उजेड जुळवणं) हेच काम केलं, आता नाशिकला परत आल्यापासून लोकांचे टीव्ही-प्रोजेक्टर लावून देतो, आणि प्रत्येक जुन्या सिनेमाच्या डिस्कला हाच प्रश्न येतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

सिनेमा १९५७चा, डेव्हिड लीनचा, जपान्यांच्या कैदेतले ब्रिटिश सैनिक रेल्वेचा पूल बांधतात त्याची गोष्ट, कॅमेरा जॅक हिल्डयार्डचा, शूटिंग तेव्हाच्या सिलोनमध्ये कितुलगलाजवळ केलनी नदीवर. २०१० साली मूळ कॅमेरा निगेटिव्हवरून त्याचं फोरके रेस्टोरेशन झालं, आणि साठ वर्षं झाली म्हणून २०१७ मध्ये फोरके डिस्क आली. यातला 'मूळ कॅमेरा निगेटिव्ह' हा शब्द पकडून ठेवा. म्हणजे जी फिल्म त्या जंगलात, त्या उन्हात कॅमेऱ्यात होती तीच फिल्म स्कॅन केली. वडिलांनी ओपन एअरला जी प्रिंट बघितली असेल ती निगेटिव्हपासून दोन-तीन पिढ्या लांबची, वरून अनेक ठिकाणी फिरून ओरखडे पडलेली. त्यामुळे आज तुमच्या हॉलमध्ये निगेटिव्हच्या जितकं जवळ जाता येतंय तितकं त्यांना तेव्हा शक्यच नव्हतं.

आता दाणे, म्हणजे ग्रेन. फिल्मवर चित्र उमटतं ते चांदीच्या क्षारांच्या स्फटिकांमुळे, रंगीत फिल्म धुताना चांदी निघून जाते आणि प्रत्येक स्फटिकाच्या जागी रंगाचा एक सूक्ष्म ढग उरतो, आणि हे ढग प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी असतात, म्हणून सेकंदाला २४ फ्रेम पळताना ते सळसळल्यासारखे वाटतात. म्हणजे ग्रेन हा चित्रावर बसलेला कचरा नाही, चित्रच त्याचं बनलेलं आहे. कॉलरची शिवण, कपाळावरचा घाम, बांबूच्या गाठी, हे सगळं त्या ढगांतूनच घडतं. दाणे पुसले की हेही पुसलं जातं, दोन्ही वेगळं करणारं मशीन मी तरी पाहिलेलं नाही. सपाट आकाशात ग्रेन जास्त जाणवतो कारण तिथे नजरेला दुसरं काही धरायला नसतं, एवढंच.

पुसलं तर काय होतं त्याचं उदाहरण युद्धपटातच आहे. 'पॅटन' हा १९७०चा सिनेमा, नेहमीच्या ३५ऐवजी रुंद ६५ मिलिमीटर निगेटिव्हवर शूट केलेला, म्हणजे मुळातच अफाट डिटेल. २००८ साली त्याची ब्लू-रे आली त्यात दाणे घालवायला डिजिटल नॉइज रिडक्शन इतकं लावलं होतं की जनरलसाहेबांचा चेहरा मेणाचा वाटत होता. पहिल्या झटक्यात ती डिस्क लई भारी दिसायची, 'किती क्लीन' म्हणून लोक खुश, पण नीट बघणाऱ्यांनी एवढी ओरड केली की २०१२ मध्ये नव्या स्कॅनवरून ती परत काढावी लागली. भाच्याच्या क्लिपमध्येही हेच झालंय, फक्त एक पायरी पुढे जाऊन. तिथे कुठल्या तरी जुन्या कॉपीतून दाणे आणि डिटेल दोन्ही गेलेलं, आणि मग सॉफ्टवेअरने स्वतःच्या अंदाजाने पापण्या, पानं, विटा भरल्या. ते कर्नल निकल्सन झालेल्या ॲलेक गिनेसचे डोळे नाहीत, तसे डोळे असावेत असा एक हिशोब आहे. वडिलांना त्यांनी बघितलेला सिनेमा दाखवायचा असेल तर ती क्लिप विसरा.

रेस्टोरेशनमध्ये साफसफाई होत नाही असं नाही हां. धूळ, ओरखडे, जोडाच्या जागचे डाग, फ्रेमची थरथर, चमक कमी-जास्त होणं, हे सगळं काढतात कारण ते दिग्दर्शकाने शूट केलेलं नाही, ते नंतर चिकटलंय. निगेटिव्ह आधी धुतात, फाटलेली भोकं आणि सुटलेले जोड हाताने दुरुस्त करतात, बरेचदा स्कॅन करताना फिल्मच्या पाठीवरचे ओरखडे एका द्रवात बुडवून दिसेनासे करतात, त्याला आम्ही वेट गेट म्हणतो. त्यानंतर कॉम्प्युटरवर फ्रेम-फ्रेम करत बसायचं. हा सिनेमा १६१ मिनिटांचा आहे, म्हणजे २ लाख ३१ हजारांच्या वर फ्रेम होतात, आणि सॉफ्टवेअर एकट्यावर सोडलं तर ते उडणारी चिमणी, पावसाचा थेंब, स्फोटातली ठिणगी हे सगळं धूळ समजून खाऊन टाकतं, म्हणून माणूस बसवावाच लागतो. युद्धपटात तर हे फारच, सगळीकडे धूर, चिखल, माती उडतेय, त्यातली कुठली माती सिनेमाची आणि कुठली डब्यातली हे डोळ्यांनीच ठरवावं लागतं. हे काम करणाऱ्या पोरांबद्दल मला मनापासून आदर आहे, त्यांनी ते नीट केलं की ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

आता दुसरा मुद्दा, अचानक धूसर होणारे शॉट. हा प्रश्न तुम्ही विचारलात म्हणजे तुमची नजर चांगली आहे. एक करा, परत लावून बघा आणि प्रत्येक धूसर शॉटच्या सुरुवातीला किंवा शेवटी काय होतंय ते पकडा. बहुतेक ठिकाणी एक दृश्य विरघळून दुसरं वर येतं, म्हणजे डिझॉल्व्ह, नाहीतर चित्र काळ्यात जातं, नाहीतर नावं येतायत. आज डिझॉल्व्ह म्हणजे एडिटिंग टेबलावर एक क्लिक, पण १९५७ला त्यासाठी दोन्ही शॉटच्या निगेटिव्हवरून आधी पॉझिटिव्ह काढायची, ती ऑप्टिकल प्रिंटरवर लावायची, एकाचा उजेड कमी करत दुसऱ्याचा वाढवत दोन्ही एका नव्या फिल्मवर घ्यायचे, ती धुवायची आणि तो तुकडा मूळ निगेटिव्हमध्ये कापून जोडायचा. म्हणजे तो तुकडा मूळ राहिलाच नाही, नातू झाला. प्रत्येक पिढीला दाणा वाढतो, कडा मऊ होतात, काळं आणि पांढरं कडक होतं, रंग सरकतो. आणि कापताना बरेचदा फक्त विरघळणारे दोन सेकंद न कापता अख्खा शॉटच ड्यूप, म्हणजे कॉपीची फिल्म, घालायचे, म्हणून डिझॉल्व्ह सुरू व्हायच्या कितीतरी आधीपासून चित्र उतरलेलं दिसतं आणि पुढच्या साध्या कटला एकदम पडदा उघडल्यासारखं होतं. 

मग रेस्टोरेशनवाल्यांनी हे का सुधारलं नाही? कारण सुधारायला त्या शॉटची मूळ निगेटिव्ह पाहिजे, आणि ऑप्टिकल करून झाल्यावर उरलेले तुकडे त्या काळात सहसा कोणी सांभाळायचं नाही. मग हातात काय राहतं, तर ग्रेडिंगला रंग आणि कॉन्ट्रास्ट शेजारच्या शॉटच्या जवळ आणणं, दाणा थोडासा, अगदी थोडासा, आटोक्यात ठेवणं. जास्त केलं तर डिझॉल्व्ह प्लॅस्टिकचा दिसतो, आणि चांगल्या शॉटला मुद्दाम खाली आणून बरोबरी करणं हे तर पापच. म्हणून ती उडी तशीच सोडली, आणि माझ्या मते योग्य केलं. लीनसारखा माणूस जिथे डिझॉल्व्ह घालतो तिथे त्याला वेळ गेल्याचं दाखवायचं असतं, कैद्यांचे दिवस, पुलाचं काम, ते साध्या कटने भागलं नसतं, तेव्हा क्वालिटीची किंमत माहीत असूनही त्याने तो घेतला.

रंगाचंही एक बोलतो. १९५०च्या दशकातली ईस्टमनकलर (कोडॅकची रंगीत फिल्म) निगेटिव्ह म्हणजे रेस्टोरेशनवाल्यांची डोकेदुखी, कारण तिच्यातले रंग वयाप्रमाणे उडतात आणि तिन्ही थर सारखे उडत नाहीत. निगेटिव्हमध्ये पिवळा थर आधी कमजोर होतो, आणि चित्रातल्या निळ्याची नोंद त्याच थरात असते, त्यामुळे नुसता पडदाभर एक रंग टाकून तोल येत नाही, उजेडात वेगळं आणि सावलीत वेगळं करावं लागतं. तुम्हाला जर खाकी, हिरवं आणि कातडीचा रंग तिन्ही एकाच वेळी खरे वाटत असतील तर समजा की ग्रेडिंग करणाऱ्याने खूप रात्री घातल्यात.

काळे पट्टे. तुमचा टीव्ही १६ बाय ९ आहे म्हणजे उंचीच्या १.७८ पट रुंद, आणि हा सिनेमा सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याचा, डिस्कवर तो २.५५ पट रुंद आहे. पुढे सिनेमास्कोप २.३५ झाला कारण प्रिंटच्या बाजूला आवाजाच्या पट्टीला जागा द्यावी लागली, सुरुवातीची चौकट त्याहून रुंद होती आणि इथे ती पूर्ण दिलीय. त्यामुळे टीव्हीचा साधारण ३० टक्के भाग काळा राहणार, राहू द्या. रिमोटवरचं झूम दाबून स्क्रीन भरलीत तर तेवढाच ३० टक्के सिनेमा दोन्ही बाजूंनी कापला जाईल, आणि लीनने परेड ग्राउंडवर ऑफिसर एका ओळीत उभे केलेत, छावणीचा जपानी प्रमुख सायतो एका टोकाला, निकल्सन दुसऱ्या टोकाला, मधे भर उन्हात मोकळी जमीन, ती मोकळी जमीनच त्या सीनचं टेन्शन आहे. चित्र लहान वाटत असेल तर त्याला उपाय झूम नाही, खुर्ची. ५५ इंचावर या सिनेमाची उंची जेमतेम ४८ सेंटिमीटर येते, तुमचा सोफा भिंतीला टेकून दहा-बारा फुटांवर असेल तर कसं दिसणार. वडिलांची खुर्ची पाच-सहा फुटांवर घ्या, फोरकेचं डिटेल त्या अंतरावरच कळतं. क्लोजअपमध्ये चेहरे कधीकधी किंचित रुंद वाटतील, तो सुरुवातीच्या सिनेमास्कोप लेन्सचा गुण होता, सेटिंग बदलत बसू नका.

आता टीव्ही, कारण माझी खात्री आहे की तो अजून शोरूमच्या सेटिंगवर आहे. एमजी रोडच्या दुकानात ट्यूबलाइटच्या झगमगाटात शेजारच्या टीव्हीपेक्षा उठून दिसावा म्हणून तो 'व्हिव्हिड'वर ठेवलेला असतो आणि घरी आल्यावर कोणी हात लावत नाही. फिल्ममेकर मोड असेल तर सरळ तो लावा, नसेल तर सिनेमा किंवा मूव्ही मोड. मग मोशन स्मूदिंग बंद करा, एलजीला ते ट्रुमोशन म्हणतात, सोनीला मोशनफ्लो, सॅमसंगला पिक्चर क्लॅरिटीच्या आत असतं, ते चालू असेल तर टीव्ही २४ फ्रेमच्या मधे स्वतःच्या फ्रेम घुसवतो आणि सगळं सिरियलसारखं घसरगुंडी दिसतं, वर ग्रेनचा चिखल होतो तो वेगळा. नॉइज रिडक्शन नावाचं जे जे काही दिसेल ते बंद, सोनी असेल तर रिॲलिटी क्रिएशनही बंद. शार्पनेस शून्याजवळ आणा, फक्त सोनीत ५० म्हणजे काही न करणं, तिथे ५०च ठेवा. तुम्हाला दाणे 'सारखे हलताना' दिसतात असं लिहिलंय ना, त्यातला अर्धा त्रास शार्पनेसचा असणार, तो प्रत्येक दाण्याला कडा काढत बसतो. कलर टोन वॉर्म करा, पहिले दोन दिवस पिवळट वाटेल, मग सवय होते आणि जुनं सेटिंग निळं दिसायला लागतं. 

एनर्जी सेव्हिंग आणि खोलीच्या उजेडाप्रमाणे स्क्रीन मंद करणारा सेन्सर दोन्ही बंद, नाहीतर एचडीआर (उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणारं चित्र) डार्क दिसतो आणि लोक डिस्कला शिव्या देतात. एचडीएमआयच्या सेटिंगमध्ये ज्या पोर्टला प्लेअर जोडलाय त्याला एनहान्स्ड किंवा डीप कलर की काय तुमच्या कंपनीत नाव असेल ते चालू करा, आणि प्लेअरमध्ये २४पी (सेकंदाला २४ फ्रेम) चालू. हे झालं की निकल्सनला पत्र्याच्या कोठडीत कोंडतात तो भाग लावा. बाहेर उन्हाने पांढरं पडलेलं मैदान आणि आत अंधार, दोन्हीकडे डिटेल टिकलं पाहिजे. बाहेर नुसता पांढरा पट्टा किंवा आत नुसता डांबर दिसत असेल तर अजून काहीतरी चुकतंय. हे रात्री करा, किंवा पडदे ओढून.

स्ट्रीमिंगवर फुकट आहे तर डिस्क कशाला, असं घरात कोणीतरी म्हणेलच. ग्रेन हा कॉम्प्रेशनचा सगळ्यात मोठा शत्रू आहे कारण प्रत्येक फ्रेमला तो नवीन असतो, मागच्या फ्रेमवरून ढकलता येत नाही. स्ट्रीमिंगला सेकंदाला १५ ते २५ मेगाबिट मिळतात, डिस्कला त्याच्या कितीतरी पट, म्हणून डिस्कवर दाणा दाण्यासारखा राहतो आणि स्ट्रीमिंगवर त्याचे चौकोन होतात.

वडिलांना आवडेल म्हणून नावांकडे लक्ष द्यायला सांगतो. पटकथा लिहिली कार्ल फोरमन आणि मायकल विल्सन यांनी, पण दोघंही तेव्हा हॉलिवूडच्या कम्युनिस्टविरोधी काळ्या यादीत, त्यामुळे १९५७च्या प्रिंटवर मूळ फ्रेंच कादंबरी लिहिणाऱ्या पिएर बूल यांचंच नाव आणि पटकथेचं ऑस्करही त्यांनाच. १९८४ मध्ये अकादमीने दोघांना ते ऑस्कर मरणोत्तर दिलं आणि रेस्टोरेशनमध्ये त्यांची नावं टायटलमध्ये आली. मूळ वस्तूला हात लावू नये असं मानणारा मी, पण हा बदल मला शंभर टक्के पटतो, फक्त जुनं टायटलही कुठेतरी जपलेलं असावं. आणि एक, सिनेमा तो सिनेमा, इतिहास वेगळा. सयाम (आताचं थायलंड)-बर्मा रेल्वे १९४२-४३ मध्ये बांधली, साधारण ४१५ किलोमीटर, त्यात १२ हजारांवर दोस्त सैन्याचे युद्धकैदी मेले आणि आशियाई मजूर त्याच्या कितीतरी पट, त्यांत मलायाच्या मळ्यांतले तमिळ खूप, जे सिनेमात जवळपास दिसतच नाहीत. खऱ्या पुलावरच्या कैद्यांचे अधिकारी कर्नल टूजी निकल्सनसारखे नव्हते, आणि खरा पूल कमांडोंनी नाही तर १९४५ मध्ये विमानांनी बाँब टाकून तोडला. तोफखान्यातल्या माणसाशी या विषयावर गप्पा मारायच्या तर एवढं माहीत असलेलं बरं. सिनेमातला पूल मात्र पूर्ण आकाराचा बांधून, आगगाडीसकट खरोखर उडवलाय, बऱ्याच कॅमेऱ्यांवर एकदम, कारण दुसरा चान्स नव्हता, तो सीन थांबवत-थांबवत बघा.

हे सगळं मी इतक्या पोटतिडकीने लिहितोय त्याचं एक कारण आपल्या गावातच आहे. त्र्यंबकला जन्मलेल्या फाळक्यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' केला, त्याची आज फक्त सुरुवातीची आणि शेवटची रिळं आहेत, आणि तीही १९१७ मध्ये परत केलेल्या आवृत्तीची असावीत असं अभ्यासक म्हणतात. १९१९चा 'कालिया मर्दन' नाशिकच्याच कंपनीचा, तो नशिबाने बराचसा वाचला. ज्यांनी निगेटिव्ह नीट ठेवली त्यांना साठ वर्षांनी दाणे मोजता येतात, आपल्याकडे मोजायला फिल्मच उरली नाही अशी यादी फार मोठी आहे. आणि जे उरलंय, समजा 'हकीकत', त्याला रंग चढवणं म्हणजे रेस्टोरेशन नव्हे, लडाखचा तो बर्फ ब्लॅक अँड व्हाइटमध्येच बघावा.

आता डिस्क खरंच खराब आहे हे कशावरून ओळखायचं. चित्र प्रत्येक वेळी त्याच मिनिटाला अडकतं, रंगीत चौकोन उमटतात, आवाज तुटतो, प्लेअर डिस्क वाचायला खूप वेळ घेतो किंवा ओळखतच नाही. तसं झालं तर आधी प्लेअरचं सॉफ्टवेअर अपडेट करा, डिस्क मायक्रोफायबरने मधून बाहेर सरळ रेषेत पुसा, गोल नाही, आणि कोणाच्या तरी दुसऱ्या प्लेअरवर लावून बघा. तिथेही त्याच जागी अडकली तर बिनधास्त परत करा. फोरके डिस्कला रीजनचं बंधन नसतं, पण सोबत जी साधी ब्लू-रे येते तिला असू शकतं, आपण सी रीजनमध्ये येतो, त्यामुळे ती दुसरी डिस्क चालली नाही तर ती खराब म्हणून तक्रार करू नका. ठेवताना उभी ठेवा, पावसाळ्यात कपाटात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका, देवळालीला ओल धरतेच.